धरणे आणि सोडणे

कोणीही न शिकवता माणसाला येणारी पहिली गोष्ट म्हणजे श्वास. ती मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, महिन्याची फी आगाऊ भरून, सकाळी सात ते पावणेआठच्या बॅचमध्ये शिकलो. पावती माझ्याकडे आहे. पावतीवर 'जलतरण शुल्क' असे छापलेले आहे, पण तो छापखान्याचा संकोच. हातपाय मारणे मला येतच होते. संसारात पडलेल्या कुठल्याही माणसाला ते येते. येत नव्हते ते एवढेच, की हातपाय मारता मारता श्वास केव्हा घ्यायचा.

तसा मी सायखेड्याचा. नाशिकहून निफाडच्या रस्त्याला लागले की चांदोरी येते आणि चांदोरीहून पूल ओलांडला की आमचे गाव. पुलाखालून वाहते ती गोदावरी. पण आम्ही तिला गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात म्हणत असू. एरवी ती गंगा. तेव्हा, गंगेच्या काठच्या माणसाने 'मला पोहता येत नाही' असे सांगणे म्हणजे लासलगावच्या माणसाने 'मी कांदा खात नाही' असे सांगण्यासारखे आहे. गावाची अब्रू जाते. म्हणून आजवर जिथे जिथे कुणी विचारले तिथे तिथे मी 'येतं की' असेच ठोकून दिले. आमच्या शाखेची सहल समुद्रावर गेली की मी वाळूवर बसून सगळ्यांची घड्याळे, पाकिटे आणि चष्मे सांभाळत असे. लोक म्हणत, काय हा त्याग! त्याग कसला, मी बी.कॉम. झालो तो असल्याच कामांसाठी. परत देताना मोजूनही देत असे.

पण रक्तदाब आणि गुडघे यांनी एकाच महिन्यात संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा." चालायला गुडघे तयार नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मग पोहा. तुम्ही सायखेड्याचे ना?" माणसाचे गाव असे केव्हा अंगावर येईल सांगता येत नाही.

तलावावर शिकवणारे सर पंचविशीचे. मला काका म्हणत. पहिल्या दिवशी म्हणाले, "काका, जे येतं ते करून दाखवा." मी मान पाण्याबाहेर उंच धरली, डोळे विस्फारले आणि आमच्या गावच्या पद्धतीने दहाएक मीटर अंतर काटले. डोहातून बाहेर येणारी म्हैस ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक वर्णन नको. सर काही वेळ गप्प राहिले. मग सौम्यपणे म्हणाले, "काका, तुम्ही पोहत नाही. तुम्ही बुडायचं टाळता."

हे वाक्य मला लागले, कारण ते फक्त पोहण्याविषयी नव्हते. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचा गोषवारा त्याने एका वाक्यात काढला होता.

आता डोके वर काढून पोहणे ही काही फक्त सायखेड्याची खोड नव्हे. मी चौकशी केली तेव्हा कळले की साहेबही शतकभर असाच पोहत होता. १८४४ साली उत्तर अमेरिकेतल्या दोन आदिवासी जलतरणपटूंनी लंडनला जाऊन, पाण्यावरून पवनचक्कीसारखे हात फिरवत, सपासप पोहून दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि 'फार पाणी उडवतात बुवा, सभ्य माणसाला शोभत नाही' असे म्हणून पुन्हा आपली मान वर काढली. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून पार केली तीही ब्रेस्टस्ट्रोकने. पावणेबावीस तास लागले, पण सभ्यतेला धक्का लागला नाही. ते हात फिरवणे सगळ्या जगाने पत्करले ते विसाव्या शतकात. आज आपण त्यालाच फ्रीस्टाइल म्हणतो.

या नावाचीही एक गंमत आहे. फ्रीस्टाइलच्या शर्यतीत नियमाप्रमाणे माणसाने हवे तसे पोहावे. पूर्ण मुभा. आणि मुभा मिळाल्यावर सगळेच्या सगळे एकाच पद्धतीने पोहतात! आपल्याकडे नाही का, दहावीनंतर आईबाप म्हणतात, 'आमची काही जबरदस्ती नाही, तुला आवडेल ते कर,' आणि झाडून सगळी पोरे इंजिनिअर होतात? तसेच.

सरांनी मला पहिल्यांदा मान खाली घालायला शिकवले. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. (आत काय आहे त्यावर वजन अवलंबून नसते, हे ऐकून बरे वाटले.) ते पाण्याबाहेर उचलले की तेवढ्याने पाय खाली जातात. डोके पाण्यात सोडून दिले, नजर तळाकडे ठेवली, की पाय आपोआप वर येतात. एवढे जमायला मला बारा दिवस लागले. बँकेत साहेबासमोर मान खाली घालायला मला एक दिवसही लागला नव्हता, पण तिथे श्वास चालू असतो.

खरी पंचाईत इथून पुढे. हात चार वेळा फिरले की माझी छाती फुटायला यायची. पाचव्या हाताला मी मान वळवण्याऐवजी धडपडत सरळ उभाच राहायचो. उजवीकडे सात वर्षांची एक चिमुरडी गोल्डफिशसारखी ये-जा करत असे. ती माझ्याजवळून जाताना दर वेळी थांबायची आणि आपुलकीने विचारायची, "आजोबा, दमलात?" काकांचा आजोबा व्हायला मला फक्त चार हात पुरले.

त्याच सुमारास मुलीने मला मुरलीकांत पेटकरांची हकिगत सांगितली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा सैनिक, मुळात मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचे पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक घेऊन आला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी घड्याळ लावून पाहिले. ३७.३३ सेकंदांत माझा गॉगल डोळ्यांवर नीट बसतो. तेवढाच.

"तुम्ही श्वास कसा घेता, दाखवा बरं," एक दिवस सर म्हणाले. मी छाती भरून घेतली, तोंड मिटले आणि पाण्यात शिरलो. चार हात, आणि पुन्हा उभा.

"आत गेल्यावर सोडता का?"

"काय?"

"श्वास!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पाण्यात श्वास सोडायचा? जिथे पुढचा कधी मिळेल याची खात्री नाही तिथे जवळचाही देऊन टाकायचा? मी बँकेतला माणूस. जिथे आवक अनिश्चित तिथे जावक बंद, हा आमचा धर्म. मी प्रत्येक श्वास मुदत ठेवीत टाकत होतो आणि मुदतीआधी मोडायला तयार नव्हतो. सर मात्र म्हणत होते की श्वास हे चालू खाते आहे. त्यात शिल्लक ठेवून व्याज मिळत नाही.

त्यांनी कारणही सांगितले, आणि मी ते नंतर पुस्तकात ताडून पाहिले. आपल्याला वाटते की छाती फुटायला येते ती हवा संपल्यामुळे. तसे नसते. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, तर आपण उच्छ्वासातून सोडतो त्या हवेतही तो १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. म्हणजे चार हातांनंतर गोदाम काही रिकामे झालेले नसते. घुसमट होते ती मुख्यतः आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. मेंदू ओरडतो तो 'काही मिळालं नाही' म्हणून नव्हे, 'हे बाहेर टाक' म्हणून. आणि मान वळवल्यावर जो एवढासा क्षण मिळतो, त्यात जुने सोडायचे आणि नवे घ्यायचे ही दोन्ही कामे होत नाहीत. जुने आधीच, पाण्यातच, थोडे थोडे सोडून झाले असेल तर तोंड उघडताच नवी हवा आपली आपण आत येते. घ्यावी लागत नाही.

प्राणायामात पूरक, कुंभक आणि रेचक असे तीन भाग सांगतात: घेणे, धरणे, सोडणे. माझ्या पोहण्यात नुसता कुंभक होता. नाशिकला कुंभ येतो बारा वर्षांनी. माझा रोज सकाळी सातला.

सोडायचा सराव म्हणून सरांनी मला काठाची दांडी धरून, तोंड पाण्यात घालून गुणगुणायला सांगितले. गुणगुणले की हवा आपोआप बाहेर जाते आणि नाकात पाणी शिरत नाही. मला गाण्याचे अंग नाही. मी पाढे म्हटले. तेराचा पाढा मी पाण्याखाली म्हणायला लागलो की वर बुडबुड्यांची रांग लागायची. तेरा चोक बावन्नला श्वास संपायचा. मान वळवायची, घ्यायचा, पुन्हा तेरा पंचे पासष्ट. मला शेजारून पाहणाऱ्या चिमुरडीने एकदा तिच्या आईला सांगितले, "आजोबा पाण्यात हिशेब करतात." पोरे देवाघरची फुले असतात, त्यांना सगळे कळते.

पण गंमत सोडा. दांडीला लोंबकळत असताना माझ्या मनात एक विचार घुसला तो निघेना. आपल्याला सगळे धरायलाच का शिकवतात? लहानपणी बोट धर. मोठेपणी दम धर, धीर धर, नोकरी धरून ठेव. धरण्याला केवढा मान! आणि सोडण्याच्या वाट्याला काय? घर सोडले, शाळा सोडली, नवऱ्याने बायको सोडली, शेवटी जीव सोडला. दारू सोडली एवढे एकच शुभवर्तमान, तेही बहुधा तात्पुरते. उपवास तेवढा आपण ज्या श्रद्धेने धरतो त्याहून दुप्पट श्रद्धेने सोडतो. बाकी आमच्या भाषेत सोडणारा तो टाकणारा, आणि धरणारा तो शहाणा.

मी शहाणा होतो. मी एक गोष्ट ३६ वर्षे धरून ठेवली होती. छत्तीसच्या आकड्याचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको.

मी दहा वर्षांचा होतो. मे महिना. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा आणि गंगेत मासळीसारखा. आम्हा लहान पोरांच्या कमरेला पोहायला शिकताना रिकामा डबा बांधत. त्या दिवशी दादाने मला खोल पाण्याशी नेले आणि माझा डबा सोडून घेतला. "मार हात," म्हणाला. मी मारले, आणि सरळ खाली गेलो. वर आलो, हाताला लागेल ते धरले, पुन्हा खाली गेलो. नाकातोंडात पाणी. बाजूला दादाचे एकदोन दोस्त होते, कुणी तरी माझा दंड पकडला होता, आणि या सगळ्या कल्लोळात मला दादाचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "सोड! सोड! अरे सोड म्हणतो ना!"

पुढे मी काठावर पालथा पडलो होतो आणि पाणी ओकत होतो. घरी कुणाला सांगितले नाही. पण मनात एक नोंद कायमची झाली. मी बुडत होतो, कुणी तरी मला धरले होते, आणि माझा सख्खा भाऊ 'त्याला सोड' म्हणून ओरडत होता.

अशी नोंद एकदा झाली की तिच्यावर चक्रवाढ व्याज चढते. मी नाशिकला शिकायला आलो, बँकेत लागलो. दादा शेती, द्राक्षबाग आणि आईवडील सांभाळत मागे राहिला. वरवर सगळे छान. २०१७ साली आण्णा गेले. वाटण्या झाल्या. जमिनीवरून एक शब्द नाही, घरावरून नाही. आणि शेवटी, अकरा नातेवाईक ओसरीवर बसलेले असताना, आमचे भांडण जुंपले ते कशावरून? तांब्याच्या घंगाळावरून! ज्यात मी नाशिकच्या दोन खोल्यांत पायसुद्धा बुडवू शकलो नसतो त्या घंगाळावरून. आणि बोलता बोलता माझ्या तोंडून निघाले, "तू काय मला देणार? तू मला लहानपणीच बुडवायला निघाला होतास!"

आता 'बुडवणे' या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक पाण्याचा आणि एक आमच्या बँकेचा. अकराच्या अकरा नातेवाइकांनी बँकेचा घेतला. दादाचा चेहरा उतरला. तो आत गेला, घंगाळ आणून माझ्यासमोर ठेवले आणि त्यानंतर माझ्याशी कामाखेरीज बोलला नाही. मीही अबोला धरला. पाहा, अबोलासुद्धा धरायचाच असतो.

सायखेड्यात 'सोडले' हा शब्द पावसाळ्यात फार जपून उच्चारतात. "वरून पाणी सोडलं" म्हटले की पोटात गोळा येतो. गंगापूर आणि दारणा धरणांतले पाणी सोडले की ते आमच्या दारी येते. किती सोडले ते क्युसेकमध्ये सांगतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. पण गावात तो आकडा पायऱ्यांत मोजतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, त्यानंतर तीनच वर्षांनी, ४ ऑगस्ट २०१९ ला पुन्हा आला. चांदोरी-सायखेड्याला पाण्याने वेढा घातला. पुराबरोबर पाणवेलींचे भारेच्या भारे येतात आणि पुलाला अडकतात. टीव्हीवर आमची बाजारपेठ पाण्यात दिसत होती. रविवार होता. बँक बंद. म्हणजे वेळ नव्हता असे म्हणायलाही सोय नाही. मी फोन हातात घेतला, दादाचा नंबर काढला, आणि तसाच बसून राहिलो. म्हटले, त्याने करावा. ज्याच्या घरात पाणी शिरतेय त्याने, कोरड्या घरातल्या माणसाला! शेवटी आमच्या हिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि उठून वहिनींना फोन लावला. माणसे वरच्या मजल्यावर होती. ठीक होती. तो फोन मी केला नाही. आजवर मी पुष्कळ हिशेब जुळवले, पण हा एक जुळत नाही.

दांडीला लोंबकळताना हे सगळे आठवे. मग वाटे, मी सोडणे म्हणजे पूर एवढेच पाहिले होते. धरण बांधणारा माणूस धरणाला दरवाजे का ठेवतो? धरणालासुद्धा सगळे धरून ठेवता येत नाही म्हणून. तेच पाणी वेळच्या वेळी थोडे थोडे सोडले तर पाटाने शेतात जाते आणि द्राक्षाला लागते. एकदम सोडावे लागले तर बाजारपेठेत शिरते. घंगाळाच्या दिवशी मी अठ्ठावीस वर्षांचे एकदम सोडले होते.

मग प्रश्न असा की धरून ठेवणे शहाणपण कधी आणि भीती कधी? तुकड्या-तुकड्याने मला जे सुचले ते असे: जे धरल्याने टिकते ते धरावे, जे धरल्याने नासते ते सोडावे. गहू टिकतो. श्वास नासतो. राग तर श्वासाहून लवकर नासतो, पण आपण त्याला कणगीत घालून वरून शेणाने लिंपून ठेवतो आणि वर्षा-दोन वर्षांनी उघडून पाहतो, किडा तर नाही ना लागला! किडा रागाला लागत नाही, कणगीला लागतो.

सव्वा महिना झाला असेल. त्या दिवशी मी दांडी सोडून तलावाच्या मध्याकडे निघालो होतो. पाचवा हात, सहावा हात. आणि सवयीने माझे तोंड मिटले, छाती आवळली. काठावरून सर ओरडले, "सोडा! सोडा! काका, सोडा म्हणतो ना!"

तोच सूर. अगदी तोच. ३६ वर्षांपूर्वीचा गंगेवरचा.

मी सोडला. भसाभस बुडबुडे गेले. मान वळली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा ती जागा सापडली. फ्रीस्टाइलमध्ये पुढे जाणाऱ्या डोक्याने पाणी कापले जाते आणि तोंडाच्या बाजूला एक लहानसा खळगा तयार होतो. पाण्याच्या पातळीपेक्षाही खाली. तिथे हवा असते. एक कान पाण्यातच, एक डोळा पाण्यातच, आणि तरी श्वास घेता येतो. थांबलात की तो खळगा नाहीसा. मी थांबलो नाही. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा चिमुरडी म्हणाली, "आजोबा, आले की तुम्ही!"

पण माझे लक्ष तिच्याकडे नव्हते. मला साक्षात्कार झाला होता. दादा त्या दिवशी 'त्याला सोड' असे ओरडत नव्हता. तो मला सांगत होता, श्वास सोड! पंधरा वर्षांचा पोर, गंगेच्या पाण्यात वाढलेला, त्याला हे शास्त्र न शिकता ठाऊक होते. आणि मी गाढव, ३६ वर्षे चुकीच्या खात्यावर नावे टाकत बसलो!

रविवारी मी सायखेड्याला गेलो. घंगाळ बरोबर घेतले. एसटीत घंगाळ घेऊन बसलेल्या माणसाला कंडक्टर काहीही विचारत नाही, फक्त अर्धे तिकीट लावायचे का याचा विचार करतो.

दादा बागेतून येऊन ओसरीवर बसला होता. मी घंगाळ खाली ठेवले. तो म्हणाला, "चहा घे." मी चहा घेतला. मग सगळे सांगून टाकले. तलाव, दांडी, तेराचा पाढा, कार्बन डायऑक्साइड, आणि त्या दिवसाचे 'सोड, सोड'. म्हणालो, "मी तेव्हा 'बुडवायला निघालास' म्हणालो ते पैशाचं नव्हतं, दादा. पाण्याचं होतं."

दादाने बशी खाली ठेवली. "पाण्याचं? आणि मी इतकी वर्षं आण्णांच्या पासबुकाचा हिशेब जुळवतोय! कुठं काही राहिलं का म्हणून."

मला पुढचे बोलायला जड गेले. तरी म्हणालो, "आता कळलं मला, तू श्वास सोड म्हणून ओरडत होतास."

"श्वास?" दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. "अरे श्वास कसला, बाळ्या! तू माझ्या चड्डीची नाडी धरली होती! घाटावर सगळ्या बायका धुणं धूत होत्या. नाडी सोड म्हणतो, तर हा गडी आणखी आवळून धरतो! एका हातानं चड्डी धरली, दुसऱ्या हातानं तुझा दंड. पाय तेवढे मोकळे राहिले होते. त्याच्यावर आलो काठाला."

"माझा दंड तू धरला होतास?"

"मग काय गावानं धरला होता? तुला सोडलं कुठं मी?"

वहिनी स्वयंपाकघरातून पळत आल्या, दोघे म्हातारे ओसरीवर ओरडतात काय म्हणून. आम्ही हसत होतो. हसताना श्वास किती सुटतो म्हणून सांगू! तेराचा पाढा त्यापुढे काहीच नाही.

संध्याकाळी दादा मला सोडायला पुलापर्यंत आला. खाली पाण्यात एक पाणकावळा बुडी मारत होता आणि भलत्याच ठिकाणी वर येत होता. आम्ही बराच वेळ तेच पाहत उभे राहिलो. मग मी म्हणालो, "एकोणीस सालच्या पुरात मी फोन केला नाही."

दादा काही वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "केला असता तरी लागला नसता. रेंजच नव्हती तेव्हा."

आमच्या हिचा फोन त्याच दिवशी, त्याच घरात, पहिल्या झटक्याला लागला होता. हे त्याला ठाऊक होते. मला ठाऊक होते हेही त्याला ठाऊक होते. मी म्हणालो, "हो, पुरात रेंज जातेच."

एसटी आली. दादाने कांद्याची गोणी वर चढवून दिली आणि खिडकीशी येऊन विचारले, "महिन्याला किती घेतात रे ते, श्वास सोडायला शिकवायचे?"

मी आकडा सांगितला.

"एवढे!" दादा म्हणाला. "आणि नाडी बांधायला शिकवतात का?"